कोरी गोळी

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना दोष. त्या वर्षी तर त्याने कहर केला. पीएचडीचे माझे मार्गदर्शक सर चार महिन्यांत निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध सादर झाला नाही, तर मला दुसरे मार्गदर्शक शोधावे लागणार होते. मी सरांची शेवटची विद्यार्थिनी, आणि मीच अर्धवट राहणार होते.

माझा विषय अॅल्युमिना, म्हणजे उत्प्रेरक धातू ज्या पांढऱ्या भुकटीच्या आधाराने बसवतात ती. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या कशा बसल्यात, ते शोधायचं होतं. भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडच्या मिठात खलायची, दाबून पातळ पारदर्शक गोळी करायची आणि अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड यंत्रात ठेवायची. यंत्रात प्रकाशाला दोन वाटा. एकीत नमुन्याची गोळी, दुसरीत नुसत्या मिठाची, कोरी. कागदावर पेन काढी तो दोघींतला फरक. मीठ परदेशी, ते जपून वापरायची आमच्याकडे रीत. म्हणून डिसेंबरात केलेली एकच कोरी गोळी मी कोरड्या बरणीत सांभाळून जुलैतही वापरत होते.

पावसाळ्यातल्या आलेखांत एक रुंद शिखर आलं. मला हव्या असलेल्या जोड्यांचीच ती खूण समजून मी हुरळले. जोडीतला बंध किती ताठ, तो आकडा धरला की शिखर कुठे यावं हे गणिताने काढता येई. तेव्हा कार्डं पंच करून ते कॉम्प्युटरला द्यायचं, उत्तर दुसऱ्या दिवशी. तेवढाही धीर मला निघत नसे. मी जिन्यावर येरझाऱ्या घालायची. शेवटी गणित शिखराशी जुळलं. सरांनी एका परिषदेत ते अभिमानाने सांगितलं.

मग एके दुपारी कोरी गोळी चिमट्यातून निसटून फुटली. मी चरफडत नवी केली. पेन शिखराच्या जागेवरून सरळ पुढे निघून गेलं.

"काय गं, यंत्राची वाट लागली का?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

"यंत्राची नाही, माझी. नमुन्याच्या गोळीने जुलैची दमट हवा प्यायली होती, कोरी डिसेंबरची सुकी. शिखर त्या पाण्याचं होतं. नवी कोरीही तितकीच ओली, म्हणून ते गेलं."

"जुने आलेख तू खोटे काढलेस का? नाही ना? मग टाइप कर आणि सूट यार. कोण बघतंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. तीन दिवस मी त्यावरच घोटाळले. जोगेश्वरीला घरी गेले की आईवर विनाकारण खेकसायची, ताटावरून उठून गॅलरीत जायची. मोह होत होता, हे लपवत नाही. चौथ्या दिवशी जुना आणि नवा, दोन्ही आलेख सरांपुढे ठेवले.

सरांनी ते एकावर एक ठेवून उजेडात धरले.

"पण कॉम्प्युटरचं उत्तर तर जुळलं होतं ना?"

"जुळेपर्यंत बंधाचा आकडा मीच हलवत होते, सर."

हे मी स्वतःशीही तोवर कबूल केलं नव्हतं. माझे कान तापले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग प्रबंधातून ते प्रकरण काढून टाक. मोजमापं नव्याने घे."

"सर, पण उरलेल्या दिवसांत नाही व्हायचं. तुमची निवृत्ती..."

"ती होईलच," सर म्हणाले. "परिषदवाल्यांना आजच पत्र लिहितो. चूक माझ्या नावावर लिहीन. तपासायला मी होतो."

प्रबंध दोन वर्षांनी झाला. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याच सरांचं नाव आहे. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो माझ्याशिवाय कुणावर काढताही येत नाही.