अप्पा मागच्या बाकावर बसले

बिदरकडं जाणाऱ्या मोटारीत मी बसले तेव्हा माझ्या वडिलांनी, अप्पांनी, खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्या उतारूंसमोर मोठ्यानं प्रार्थना केली. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूर होतं. माझ्या शेजारी नवा नवरा, पायाशी ट्रंक. कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला होता, कारण आमच्या जनवाड्यात अप्पांना सगळे ओळखत. आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे ते उपदेशक. दर रविवारी शास्त्रातलं वचन सांगायचे, बाकीचे दिवस दुसऱ्याच्या रानात राबायचे.

प्रार्थना संपल्यावर ते म्हणाले, "सुशीला, मन मऊ ठेव माय. देवानं शिकीवलं तर शिकलं पायजे."

मी मान हलवली, पण डोळे रस्त्यापलीकडं होते. तिथं पिठाच्या गिरणीच्या आडोशाला माझी थोरली बहीण उभी होती. मार्था तिचं नाव, मी तिला अक्का म्हणायची. मला उतरायचं होतं. अप्पांनी माझी नजर पाहिली आणि कंडक्टरला म्हणाले, "सोड गाडी." अक्कानं हात वर केला. मी केला की नाही, ते आठवत नाही. लाल धूळ उठली आणि काही दिसेना.

अक्कानं काय केलं होतं? यशवंत मास्तरशी लग्न केलं होतं. मास्तर आमच्याच गावचा, बौद्ध घरातला. दोन पिढ्यांमागं त्यांची आणि आमची चूल एकच होती. एका भावानं मिशनच्या माणसाकडून बाप्तिस्मा घेतला, दुसऱ्याच्या नातवंडांनी छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली. दोघांनाही जुन्या अपमानातून वर यायचं होतं. पण अप्पांना ते तसं दिसलं नाही. "गावाला मी सांगायलाव काय, अन् माझ्या घरात चाललंय काय!" असं ते म्हणाले, आणि मंडळीत उभं राहून सांगितलं की मार्थाशी कुणी बोलायचं नाही. त्याच व्यासपीठावरून ते उधळ्या पुत्राची, घर सोडून गेलेल्या लेकाला परत कवेत घेणाऱ्या बापाची, गोष्ट इतकी सुंदर सांगायचे की बायका पदरानं डोळे पुसायच्या. माय सगळ्यात पुढं बसायची. अक्का गेल्यावर ती गोष्ट लागली की माय उठून बाहेर जायची.

गुलबर्ग्यात आमचे हे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कामाला होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. उन्हाळ्यात फरशीवर पाणी ओतून आम्ही त्यावर झोपायचो. दाल मिलची पिवळी भुकटी वाऱ्यासोबत येऊन वाळत घातलेल्या लुगड्यावर बसायची. घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी उर्दू. जनवाड्यातही कन्नड कानावर पडायचं, पण देवाशी मी त्या भाषेत कधी बोलले नव्हते. इथल्या चर्चमधली उपासना कन्नडमध्ये. पहिलं वर्षभर मी नुसते ओठ हलवले. पाळकसाहेबांच्या बायकोनं मला जवळ बसवून प्रभूची प्रार्थना एकेक शब्द करून शिकवली. कन्नडमध्ये बापाला तंदे म्हणतात. आमच्या स्वर्गातल्या तंदे, असं मी म्हणायला लागले तेव्हा बरं वाटलं. मराठीत बाप म्हटलं की मला गिरणीचा आडोसा दिसायचा.

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात, त्यांना वाटत असेल की गेलेले सुटले. सुटत नाही हो. गावाकडून कुणी आलं की मी आधी अक्काची खबर विचारायची. तिला मुलगी झाली, नाव सुजाता ठेवलं. मास्तर भला आहे. अक्का अजून जेवायच्या आधी डोळे मिटते, आणि ती डोळे उघडेपर्यंत मास्तर घास उचलत नाही. हे सांगणारी बाई म्हणाली, "तुमच्या अप्पाला सांगितलं म्या. ते म्हनले, तिच्या प्रार्थनेचं मला सांगू नको."

दुष्काळाच्या वर्षानंतर अक्का आजारी पडली. पोटात गाठ होती. बिदरला दाखवून मास्तर तिला गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला, आणि दवाखान्यानं हात टेकले तेव्हा मी तिला घरी आणलं. दार उघडल्यावर दिसणारी आमची पुढची खोली तिची झाली. मास्तर शाळेला रजा टाकून तिच्या उशाशी बसायचा. ती म्हणायची, "सुशे, वचन वाच की." मी वाचायची. मास्तर भिंतीला टेकून ऐकायचा. त्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती एकदम म्हणाली, "अप्पावर तू राग धरलीस, न्हाई का?"

"तू धरली न्हाईस?"

"धरले की. लई दिवस धरले. मग सुजी झाली, अन् मला तेंच्या डोस्क्यातलं भ्या कळाया लागलं. लेकरू हातातनं जाईल म्हणून मानूस किती दगड व्हतंय बघ." थोडं थांबून म्हणाली, "राग धरून मला प्रार्थनाच करता येईना. मग सोडून दिले."

मी तिसऱ्या दिवशी जनवाड्याची मोटार धरली.

अप्पा ओट्यावर बसून रविवारचं वचन काढत होते. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "अप्पा, अक्का जायलीय. एकदा चला."

"कोन अक्का?"

माय चुलीपासून धावत बाहेर आली. "आवं, लेकरू हाय आपलं! पोटातलं लेकरू!"

अप्पांनी चष्मा काढला. "मी आज नमलाव तर उद्या मंडळीतल्या पोरी कुनाचं ऐकतील? मी देवाच्या बाजूनं उभा हाय."

"देव तर तिच्या खाटेपाशी बसलाय अप्पा," मी म्हणाले. "तुमीच तेवढं हितं बसलाव."

चष्मा परत घालून ते पुस्तकात पाहू लागले. मायनं हाताचं पीठ पदराला पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता घराबाहेर पडली.

आम्ही पोचलो तेव्हा अक्कात अजून जीव होता. तिनं आमच्यामागं दाराकडं पाहिलं. माय म्हणाली, "येयलेत बाई, मागच्या गाडीनं येयलेत."

अक्का हसली. "खोटं बोलायलीस माय. असू दे. तेनला म्हनावं, माझ्या मनात काय न्हाई." दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती गेली. मास्तरनं तिचा हात सोडला नाही, शेवटी मायनंच सोडवला.

तिला जनवाड्याला नेलं. गावात दोन्ही वाड्यांतली माणसं जमली, पण आमच्या मंडळीतली लांब उभी राहिली. बौद्धवाड्यातून मसणवाटेकडं जाणारी वाट आमच्या देवळासमोरून, म्हणजे चर्चसमोरून, जाते. अप्पा दारात उभे होते, एक हात चौकटीवर. माणसं बुद्धाचं त्रिसरण म्हणत चालली होती. देवळासमोर आल्यावर मास्तरनं हात वर करून खांदेकऱ्यांना थांबवलं. त्रिसरण बंद झालं. मास्तरनं स्वतः तिच्या तोंडावरचा कपडा सारला.

"या मामा," तो म्हणाला. "बघून घ्या."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. असता तर अप्पांना ते सोपं गेलं असतं, तेही उलटून काही बोलले असते. ते पायऱ्या उतरले. खांदेकऱ्यांनी तिरडी खाली टेकवली. अप्पांनी वाकून पाहिलं. ती तिरडीवर लहान मुलीएवढी दिसत होती. मग ते तिथंच धुळीत बसले. रडले नाहीत. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. मास्तर थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसला, मग उठला. बायकोला न्यायचं होतं.

मी रविवारपर्यंत थांबले. मंडळी भरली, गाणी झाली. अप्पा व्यासपीठावर चढले, पुस्तक उघडलं आणि न वाचताच मिटलं. मग म्हणाले, "आजवर मी तुमाला शिकवत आलाव. देव माझ्यासंगं बोलत व्हता, सुशीलाच्या मायच्या तोंडानं, सुशीलाच्या तोंडानं. म्या ऐकलो न्हाई. ज्याला ऐकता येत न्हाई त्यानं बोलू ने." खाली उतरले, चालत मागं गेले आणि लहान मुलं बसतात त्या शेवटच्या बाकावर बसले. पुन्हा कधी व्यासपीठावर चढले नाहीत. लोकांनी विनवलं, बिदरचे पाळकसाहेब येऊन समजावून गेले. ते म्हणायचे, "मला आता ऐकू द्या."

यानंतर सगळं नीट झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. अप्पा रविवारी दुपारी मास्तरच्या घरी जायला लागले. मास्तर पाणी द्यायचा, खाट टाकायचा. सुजाता आजोबा आले की आतल्या खोलीत जायची. त्यांनी तिला कधी हाक मारली नाही. तासभर बसून परत यायचे. माय म्हणायची, "कामून जाताव? पोरगी तोंड बी दाखवत न्हाई." त्यावर ते म्हणायचे, "तिनं कामून दाखवावं?" आणि पुढच्या रविवारी परत जायचे.

माय गेल्यावर मी त्यांना गुलबर्ग्याला आणलं. राज्याचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती. आमच्या ह्यांची बढती झाली होती, घरात पंखा आला होता, मुलं कॉलेजात कन्नड-इंग्रजी बोलत होती. अक्काच्या त्याच पुढच्या खोलीत अप्पांची खाट पडली. रोज सकाळी गुडघे धरून ते फरशीवर बसायचे आणि मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं, "बापा, मला शिकीव. उशीर झालाय, तरी शिकीव." दुसरी प्रार्थना मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. जो माणूस अर्धा तास प्रार्थना करायचा, त्याच्याकडं एवढेच शब्द उरले होते.

आमच्या इथल्या मंडळीत एका घरच्या मुलीनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं. कुजबुज सुरू झाली. चार वडीलधारी माणसं अप्पांकडं आली. तुम्ही जुने उपदेशक, तुम्ही आई-बापाला चार कडक शब्द सांगा म्हणाली. अप्पांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेंगांची पिशवी घेऊन, काठी टेकत, ते त्या मुलीच्या नव्या घरी गेले. तिथं जेवले. परत येऊन मुलीच्या बापाला म्हणाले, "तुझी पोरगी भाकरी चांगली करती. तू बी जाऊन खा. आजच जा." तो बाप त्याच संध्याकाळी गेला.

मला वाटलं, आता तरी अप्पांना समाधान मिळेल. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तेचं लेकरू तेला मिळालं. चांगलं झालं." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. देवाकडून क्षमा मिळाली हे ते मानत होते. पण अक्का मिळाली नव्हती. हे दोन्ही बरोबर घेऊन ते जगले. ते कसं जमतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी रोज प्रार्थना करते, तरी त्या गिरणीजवळच्या सकाळीपाशी येऊन अडते. काही दिवशी पुढं जाता येतं, काही दिवशी नाही.

ते गेले तेव्हा गुलबर्ग्यातच त्यांना माती दिली. मास्तर आला होता. सुजाताही आली होती. ती तेव्हा बिदरला शिक्षिका झाली होती. कबरीपाशी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, ते दर रविवारी येत व्हते. म्या दाराच्या फटीतनं बघायची."

आता कुणी गाव विचारलं की मी जनवाडा सांगते. पण तिथं आमचं घर दुसऱ्याचं झालं, मंडळीत नवी माणसं आली. मी जाते ती मास्तरच्या घरी. भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, अक्का आहे. अप्पांचा फोटो नाही, आणि मी कधी विचारलेलं नाही. मोटार मिळेपर्यंत बसते म्हटलं की सुट्टीला घरी आलेली सुजाता पिशवी माझ्या हातातून काढून घेते. "ऱ्हावा की आज." मग मी राहते. संध्याकाळी कोपऱ्यात चटईवर बसून मी डोळे मिटते, तेव्हा ती उठून रेडिओ बारीक करते. माझं घर आता तेवढंच आहे.