रुमालाखालचे वॅट

रखमाजी ढेब्याला मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी भाटघर धरणाचं पाणी दोन पुरुष उंच उसळलं, स्टँडवरची महाड गाडी आपणहून मागे सरकली आणि भोरच्या शेळीबाजारातल्या तीनशे शेळ्यांनी एकाच वेळी रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं. निदान मला तरी असंच आठवतं. आमच्या मोहिनीचं म्हणणं असं की यातलं काही झालं नाही, एक करडू शिंकलं तेवढंच. पण बायको सोबत असली की कोणत्याही ऐतिहासिक प्रसंगाचं असंच होतं.

झालं होतं ते असं. शेळ्यांच्या मधोमध खांद्यावर घोंगडी टाकलेला, पागोटं बांधलेला, ताडासारखा उंच गडी उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे कॉम्प्युटरचा कॅबिनेट उघडा पडला होता. शेळीचे दात बघायला तिचा जबडा फाकवावा, तसा तो आत डोकावत होता. भोवती पंधरा माणसं श्वास रोखून उभी. त्यातली बारा माझे विद्यार्थी!

मी म्हणजे सर. भोरात कॉम्प्युटर शिकवायला मी सुरुवात केली तेव्हा लोक चपला बाहेर काढून क्लासात यायचे आणि माऊसला हात लावण्याआधी कपाळाला लावायचे. वीस वर्षं मी तालुका शिकवला. मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि क्लास बंद पडला. आता त्याच गाळ्यात मी लग्नपत्रिका छापतो. पण एक गोष्ट बंद पडली नव्हती. घरात कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की माणूस आधी माझ्या गाळ्याची पायरी चढायचा. "सर, कुठला घेऊ?" या तीन शब्दांवर मी जगत होतो. त्यातून चहाशिवाय काही मिळत नसे, तोही बहुधा मीच पाजायचो. पण त्या शब्दांनी मी अजून सर होतो. आणि आता तेच तीन शब्द एका शेळीवाल्याला विचारले जात होते.

मी चौकशी केली. मत्सर करायचा तर पूर्ण माहितीनिशी करावा, असा माझा बाणा आहे.

रखमाजी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाडीत राहतो. तिथली वीज पावसाळ्यात गेली की परतायचं नाव काढत नाही. घरात एक सोलर पॅनल, एक बॅटरी. मुलगी शेफाली घरी बसून पदवीचा अभ्यास करते, तिच्यासाठी पुण्याच्या कोणा पाहुण्याने वापरलेला कॉम्प्युटर दिला. त्याने पहिल्याच संध्याकाळी सव्वा तासात बॅटरी पिऊन टाकली आणि घर अंधारात बसलं. दुसरा कोणी असता तर कॉम्प्युटरला शिव्या देऊन मोकळा झाला असता. रखमाजीने त्याच्याकडे नव्या जनावराकडे बघावं तसं पाहिलं. हे खातं किती, आणि कशापायी?

मग त्याने शेफालीला एकेक भाग विचारायला सुरुवात केली.

"ह्ये काय?"

"ग्राफिक्स कार्ड, आबा. गेमसाठी असतं."

"घरात गेम कोन खेळतंय?"

"कोणी नाही."

"मग ह्यो बोकड फुकट चारा खातोय. काढ भाईर."

बोकड बाहेर गेला. त्याच्यावाचूनही पडदा चालतो हे कळलं. गरगर फिरणारी जुनी हार्ड डिस्क गेली, तिच्या जागी न फिरणारी एसएसडी आली. चारा किंचित कमी आणि चाल दुप्पट. पडद्याचा उजेड निम्म्यावर आला. पाच मिनिटं हात लागला नाही की मशीन झोपायला लागलं. वर्षभराने त्याने ते खोकंही बदलून ऑफिसातून निघालेला, पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर आणला. पडद्यासकट पस्तीस वॅट. शेफालीचा सगळा अभ्यास होऊन वर दिव्याला बॅटरी उरायला लागली. दोन जत्रांतून आणि तीन लग्नांतून ही कथा नसरापूरपर्यंत उतरली आणि तिथून एसटीने भोरला आली.

पुढे शेळ्या विकायला बाजारात आला की लोक त्याच्याकडे पोत्यात घालून कॉम्प्युटर आणू लागले. शेजारी साळूबाईचं चहाचं दुकान. तिच्या बोर्डवरून वायर यायची. रखमाजी कमरेच्या चंचीतून पान-तंबाखूच्या आधी एक मीटर काढायचा. हा मीटर प्लगमध्ये बसवला की वर लावलेलं यंत्र त्या घडीला किती वॅट ओढतंय ते दाखवतो. आकडा दिसला की रखमाजी तळव्याने झाकायचा, मालकाचा हात धरायचा आणि वर रुमाल टाकायचा.

शेळीबाजारात भाव असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबायची. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. रखमाजीने तीच रीत कॉम्प्युटरला लावली. एक बोट म्हणजे दहा वॅट. "जनावराची खोड चारचौघांत बोलू न्हाई," तो म्हणायचा, "मालकाचं त्वांड उतरतं."

मी हे सगळं साळूबाईच्या बाकावरून, तोंड फिरवून पाहत असे. फिरवलेल्या तोंडाने फार बारीक दिसतं.

तरी मी धीर धरला असता. पण उत्रोलीचं प्रकरण निघालं. मोहिनीची थोरली बहीण सगुणाबाई तिथे भातशेती करते. तिची नात प्रांजल अकाउंट्सच्या परीक्षेला बसणार होती, तिला कॉम्प्युटर हवा होता. हे घरचं गिऱ्हाईक! मी तीन दिवस खपून यादी केली. साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय, वेगळं ग्राफिक्स कार्ड, बत्तीस इंची पडदा आणि रंग बदलणारे सहा पंखे. यादी घेऊन उत्रोलीला गेलो, तर ओसरीवर रखमाजी बसलेला, हातात ताकाचा पेला.

"पाव्हणं, राग धरू नका," सगुणाबाई म्हणाली, "ह्यांना बी विचारलंय. दोघं बोला, मग घिऊ."

रखमाजीने माझी यादी प्रांजलकडून वाचून घेतली. मग तिलाच विचारलं, "पोरी, करनार काय तू ह्याच्यावर?"

"टायपिंग, हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि ऑनलाईन क्लास."

"मग शेळीचं काम हाय. सरांनी हत्ती लिवलाय." मग माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाला, "तसं सर, साडेसहाशेचा सप्लाय आसला म्हंजी तेवढं खाईलच आसं न्हाई. ताट मोठं म्हनून कोन जास्त जेवत न्हाई. पर त्या ताटावर तुमी जेवनारे बी लई बसवल्यात."

सगुणाबाई पदरात हसली. प्रांजल उघड हसली. मला वाटलं, ओसरीवरची गाय पण हसली.

"सगुणाआक्का," मी म्हणालो, "येत्या बाजारी भोरला या. कोणाला काय कळतं ते चारचौघांत होऊन जाऊ द्या. तिथे जो खरा ठरेल त्याचं ऐका."

माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. क्लासातला शेवटचा कॉम्प्युटर, जाड पाठीच्या मॉनिटरसकट, मी गाळ्यात अजून चालू ठेवला होता. सकाळी लावायचा, शटर ओढताना बंद करायचा. काम नसलं की त्याच्या पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहत. वीस वर्षं मी शिकवलं होतं की मासे आले म्हणजे कॉम्प्युटर झोपला, त्याला वीज लागत नाही. आणि सारखा बंद-चालू केला तर तो बिघडतो. सबंध भोर तालुक्यात माझे मासे पोहत होते. रखमाजी म्हणत होता की मशीन बंदच करा. एकदा माशांचा आकडा जगाला दिसला की त्याचा निकाल लागला!

बाजाराच्या दिवशी मी कॉम्प्युटर हातगाडीवरून नेला. भरपूर माणसं जमली. सगुणाबाई, प्रांजल, माझे विद्यार्थी, आणि हातात भाजीची पिशवी घेऊन मोहिनी. मासे पोहायला लागल्यावर मी आवाज चढवला.

"हे मशीन झोपलेलं आहे! फार तर दोन-तीन वॅट. रखमाजी, लावा तुमचा मीटर!"

रखमाजीने मीटर लावला. आकडा पाहिला. त्याचा तळवा इतक्या चपळाईने खाली आला की मी त्याच्या शेजारी असून मलाही आकडा दिसला नाही. त्याने माझा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला.

पाच बोटं दाबली. पुन्हा पाच. मला वाटलं, झालं असेल. त्याने आणखी चार दाबली.

एकशे चाळीस वॅट. माशांचे. मासे पोहत होते म्हणजे पडदा जळत होता, मशीन जागं होतं, आणि मी वीस वर्षं तालुक्याला झोपेचं सोंग शिकवलं होतं.

"काय निघालं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

रखमाजीने रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"सरांचं आन माजं जमलं," तो म्हणाला.

गर्दी खूष झाली. दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. आणि मी तिथे उभा राहून त्या माणसावर असा जळलो, असा जळलो की त्याचा मीटर मला लावला असता तर फुटला असता. ज्ञानात हरवलं, ते मी कसंतरी सोसलं असतं. या गड्याने मला मोठेपणातही हरवलं होतं, आणि तेही रुमालाखाली, म्हणजे तक्रारही करायची सोय नाही!

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ सरकलो. "आमच्या एका ओळखीच्यांकडे असेच मासे आहेत. त्यांनी काय करावं?"

"त्या वळखीच्याला म्हनावं, मासं सोडून द्या नीरेत," रखमाजी चुना लावता लावता म्हणाला. "पडदा काळा हू द्या. जेवाय उठलं की मशीन झोपवा, घरी निघालं की पार बंद, बटनासकट. बिघडत न्हाई त्ये. मानूस रोज झोपून उठतो, बिघडतो का?" मग पान तोंडात टाकून म्हणाला, "आन जाड पाठीचा मॉनिटर तेवढा काढा. लई खादाड हाय."

सगुणाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोघांचं जमलं म्हणजे सरही खरेच, असं तिने धरलं होतं आणि निर्णय पुन्हा माझ्याकडे आला होता. यादी खिशात होती, सहा पंख्यांसकट. एक शब्द बोललो असतो तर तिने घेतलंही असतं. मी मोहिनीकडे पाहिलं. तिने माझा हात रुमालाखालून बाहेर येताना पाहिला होता, आणि तीस वर्षांच्या संसारानंतर तिला माझी बोटं वाचता येतात.

"आक्का," मी म्हणालो, "रखमाजी सांगतो तो घ्या."

हे वाक्य म्हणायला मला जेवढी वीज लागली, तेवढ्या विजेवर प्रांजलचं वर्ष निघालं असतं.

आता आमच्या गाळ्यातही पुस्तकाएवढा कॉम्प्युटर आहे, रखमाजीने निवडलेला. लोक विचारायला अजून माझ्याकडेच येतात. रखमाजीच्या वाडीला कुठल्या गाडीने जायचं, ते विचारतात. नसरापूरला उतरून वेल्ह्याची धरायची. सकाळी साडेनवाला आहे.