नवल कुठल्या पानावर आहे?

पुस्तक निवडायला मला तेव्हा तासभर लागायचा, आणि तो तास घरच्या कुठल्याही कामातून चोरलेला असल्यामुळे फारच गोड लागायचा. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीहून चालत वीस मिनिटांवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एका दवाखान्याच्या माडीवर ते वाचनालय होतं. सगळी पुस्तकं गुजराती. नव्वदच्या दशकाची सुरुवात, मी मराठी शाळेत सातवीला. गुजराती मी शाळेत शिकले त्याहून जास्त दुकानांच्या पाट्यांवरून शिकले होते. आई म्हणायची, ही अक्षरं डोक्यावर पदर घेत नाहीत. खरंच, आपल्या अक्षरांवरची रेघ काढून टाकली की बरीचशी गुजराती व्हायची. उरलेली मी अंदाजानं पुढे ढकलायचे.

मी पुस्तक आधी हुंगायचे. मग मधलंच एक पान उघडून उभ्या उभ्या चार ओळी वाचायचे. त्या चार ओळींनी पाय दुखायचे विसरले, तर पुस्तक घरी यायचं. शेवटी मागच्या चिठ्ठीवरचे शिक्के बघायचे. कोणीच फारसं न नेलेलं पुस्तक मला हमखास आवडायचं. त्याची आपल्याला दया येते, आणि ते आपल्याशी जास्त बोलतं, असं माझं मत होतं. आजही आहे.

कपाटांवर पाट्या होत्या. धर्म, प्रवास, आत्मकथा. आणि सगळ्यांत मोठ्या कपाटावर, नवलकथा. नवलाच्या कथा! मराठी मुलीनं आणखी काय समजायचं? गुजरातीत कादंबरीला नवलकथा म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचीही गरज वाटली नव्हती. त्या कपाटासमोर उभी राहिले की मला वाटायचं, आत बंद पानांमध्ये काहीतरी चमत्कारिक हलतंय. दुपारच्या उन्हाचा पट्टा काचेवर यायचा, खालून औषधांचा वास यायचा, आणि मी तिथे जागेपणीच झोपल्यासारखी उभी असायचे.

त्यातलं एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक मी निवडलं. चाळलं, पण नवल काही दिसेना. टेबलामागे बसणाऱ्या म्हाताऱ्या काकांना मी माझ्या मोडक्या गुजरातीत विचारलं, "काका, आमां नवल क्यां छे?"

यात नवल कुठे आहे, असं मला विचारायचं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आ आखी नवल ज छे, बेन."

ही अख्खी कादंबरीच आहे, असं ते म्हणाले; मी ऐकलं, हे सगळंच नवल आहे. मी पुस्तक छातीशी धरून घरी आले.

घरी माझी एकच श्रोती होती, आई. वडील सकाळीच लूमच्या खात्यावर जायचे. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणत. दुपारी आई साड्यांच्या उलट्या बाजूचे सुटे धागे कापायला बसायची. हातात छोटं कटर, मांडीवर साडी, बाजूला गठ्ठा. आमच्या खोलीमागेच एक खातं होतं, त्याची खडखड दिवसभर चालायची. त्या खडखडीत आवाज थोडा चढवून मी वाचायचे, म्हणजे गुजराती वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं आमच्या अहिराणीत सांगायचं. दिवसातला तेवढाच वेळ आई माझी असायची.

पण शेजारणीकडे नवा टीव्ही आला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका दुपारी आपापले गठ्ठे घेऊन तिकडे जायला लागल्या होत्या. आईलाही रोज बोलावणं असायचं. "देखसू," ती म्हणायची, म्हणजे बघू. माझी गोष्ट बेचव झाली आणि तिनं गठ्ठा उचलला, की माझी दुपार संपली. मला त्या टीव्हीचा इतका राग होता की त्या घरावरून जाताना मी तोंड फिरवायचे.

आणि नेमकं ते हिरवं पुस्तक! त्यात एक बाई. लहानशा गावात एकटी राहते. सकाळी दूध तापत ठेवते. बहिणीचं पत्र आलं का, म्हणून दाराशी येते. विचार करत उभी राहते. तीस पानं झाली तरी बाई दाराशीच.

"मंग?" आई विचारायची. "काय नवल व्हयनं?" नवलकथेचं मीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या बाईच्या विहिरीतलं पाणी एके दिवशी बोलू लागलं. दुसऱ्या दिवशी छपरावर पांढरा मोर उतरला, आणि त्यानं पिसाऱ्यातून तिच्या बहिणीचं पत्र काढून दिलं. तिसऱ्या दिवशी तिची सावली तिला सोडून बाजाराला गेली. सांगता सांगता मला ते खरंच दिसायचं. आईचं कटर थांबायचं, आणि मला वाटायचं, जिंकले. पण चोराच्या मनात चांदणं. ती नुसती खोकली तरी माझी जीभ अडखळायची.

आठवडाभर असं चाललं. मग एका दुपारी वीज गेली आणि मागचं खातं एकदम गप्प झालं. इतकी शांतता की कटरची कचकचसुद्धा मोठी वाटू लागली. मी सावलीला बाजारातून परत आणत होते.

"पान उलटाड ना," आई म्हणाली.

मी गडबडीनं पान उलटलं.

"तू जव्हय नवल सांगस, तव्हय पुस्तकमा देखस नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लाज वाटली. मला वाटलं, आता उठेल, गठ्ठा उचलेल.

ती उठली नाही. "तठे दूध ठेयेल व्हतं चुल्हावर," ती म्हणाली. "त्यानं काय व्हयनं?"

मी रडकुंडीला येऊन खरं ते सांगून टाकलं. या पुस्तकात नवलच नाही, माय. नुसती बाई आहे, दूध आहे, पत्राची वाट आहे. काकांनी मला फसवलं.

आईनं हातातला धागा कापला. "अवं, दूधवर ध्यान ठेवनारी बाईवर कोन्ही पुस्तक लिखं," ती म्हणाली, "हाई काय कमी नवल शे?"

मी पानं मागे उलटली, दूध सापडेपर्यंत. ते उतू गेलं होतं. बाई दाराशी उभी होती, वास आला तेव्हा धावली, आणि फडकं घेऊन पुसत बसली. एवढंच. मी एक शब्दही न वाढवता सांगितलं. आई हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. का, ते मी विचारलं नाही. तिची बहीण तिकडे धुळ्याकडे होती आणि तिचं पत्र कित्येक महिन्यांत आलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

"कठे लिखेल शे दूध?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवलं. चौथीत शाळा सुटलेली माझी आई त्या अक्षरांवर वाकली. गुजरातीतलं दूध आपल्या दुधासारखंच दिसतं, फक्त वर रेघ नाही. "दू," ती म्हणाली. "ध."

तिनं कटर खाली ठेवलं, पुस्तक माझ्या मांडीवरून ओढून घेतलं, आणि बोट पुढच्या शब्दावर नेलं. तो तिला अडला. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मान वर न करताच दुसऱ्या हातानं मला गप्प बस म्हणून खुणावलं.