दस्त्यावरचा टॉवेल

अण्णांनी माझ्या हातातून रायफल घेतली, खिशातून कापसाचा बोळा काढला, त्यावर स्पिरिट ओतलं आणि माझा गाल जिथे टेकला होता ती लाकडी दस्त्याची जागा पुसली.

फक्त तेवढीच. हात लागले होते ते त्यांना चाललं. चापावर माझं बोट होतं, तेही चाललं. गाल चालला नाही. आत्ताच मला म्हणाले होते, "छान. नेम आहे तुझ्या हातात." आणि मी हरखले होते. त्या हरखलेल्या तोंडानेच मी ते पुसणं बघत उभी राहिले. आजूबाजूला चारपाच जण होते. कुणी मान वर केली नाही. सगळे आपापल्या डब्यांतले छर्रे निवडत बसले, तांदूळ निवडावेत तसे.

दवाखान्यात सुई द्यायच्या आधी तो वास आला की अजून माझा गाल आखडतो. दंड नंतर.

हडपसरच्या पलीकडे तेव्हा उसाची शेतं होती आणि उसाला लागून अण्णांचा नेमबाजीचा क्लब. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, समोर मोकळं मैदान आणि पन्नास मीटरवर छर्रे अडवायला घातलेला मातीचा बांध. छऱ्याची बंदूक म्हणजे हवेच्या दाबावरची. पेठेतली हौशी मंडळी रविवारी ती चालवायला यायची. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे राखणदार. निशाणाचे कागद लावणं, बांधाची माती सारखी करणं, फाटक सांभाळणं ही त्यांची कामं. बांधाच्या बाजूलाच आमची खोली, तीही अण्णांची. आई मी लहान असतानाच गेली. आम्ही बौद्ध. अण्णांच्या तोंडी तो शब्द कधी आला नाही. ते "तुमच्यातले" म्हणायचे.

तसे अण्णा सुधारक. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, त्यांना स्वतःला खरंच तसं वाटायचं. क्लबात चहाचे कप सगळ्यांना एकच. मला मेघनाशेजारी बाकावर बसू द्यायचे. मेघना त्यांची पुतणी, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कॉलेजात. राखणदाराच्या मुलीला आपण बंदूक शिकवतो हे अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि सांगताना माझ्याकडे बोट करायचे. म्हणूनच मी फसले. कप वेगळा असता तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

पुढच्या रविवारी टॉवेल आला. हात पुसायचा, निळ्या काठाचा, दोन बाजूंना नाड्या शिवलेल्या. कुणीतरी घरी बसून, सुईत दोरा ओवून, त्या नाड्या शिवल्या होत्या. माझी पाळी आली की तो दस्त्याला बांधायचा, पाळी संपली की सोडायचा, आमच्या नळावर धुवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. "घामासाठी आहे, दुसरं काही नाही," अण्णा म्हणाले. घाम मेघनालाही यायचा. चांगला धो धो यायचा. तिच्यासाठी टॉवेल नव्हता. मी विचारलं नाही. मी बांधला. इतका नीट बांधायला शिकले की अण्णांनी एकदा माझ्या गाठीचंही कौतुक केलं.

दहा मीटरवर मी त्या टॉवेलासकट सगळ्यांना भारी होते. पन्नासवर गेले की सगळं फिसकटायचं.

छऱ्याच्या बंदुकीने लांबचं मारणं म्हणजे काय, ते सांगते. छर्रा मुगाएवढा, वजन काहीच नाही. पन्नास मीटर जाईपर्यंत तो खाली खाली येतो. उसावरून आलेली साधी झुळूकसुद्धा त्याला ढकलते. त्यात ही स्प्रिंगची बंदूक, चाप ओढला की आतल्या आत धक्का खाते. म्हणून दर वेळी खांदा तिथेच हवा, पकड तीच हवी, गाल तिथेच हवा आणि डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या बरोबर मध्यावर. डोळा केसभर सरकला तर दहा मीटरवर खपून जातं. पन्नासवर खपत नाही. माझे छर्रे कागदभर विखुरलेले असायचे. एक वर, एक डावीकडे, एक थेट बांधात.

अण्णा माझा कागद उजेडात धरून सगळ्यांना दाखवायचे. मग म्हणायचे, "जवळचा नेम सरावाने येतो. लांबच्या नेमाला संस्कार लागतात. पिढ्या जाव्या लागतात."

सगळे हसायचे. मोठ्याने नाही. ती मंडळी मोठ्याने हसत नाहीत, नाकातून थोडी हवा सोडतात. आणि ह्याहून वाईट म्हणजे मला ते पटायचं. वाटायचं, असेल. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खाली बघून कामं केली, लांबचं बघायला कुणी शिकवलंच नाही, तर नजर कुठून येणार? मी माझ्या आज्याला दोष दिला. त्या मेलेल्या माणसाला, ज्याने आयुष्यात बंदूक पाहिली नव्हती.

पावसाळ्यानंतर क्लबाक्लबांमधला पन्नास मीटरचा सामना होता. आमच्या क्लबातून चार जणांचा संघ जाणार होता. त्या सामन्याला सरकारी खात्यांतले साहेब खेळाडू हेरायला यायचे आणि खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर नोकरी मिळायची. मला ती हवी होती. नोकरी म्हणजे अण्णांची नसलेली खोली.

निवडीच्या आदल्या दिवशी मेघना डोक्याला तेल थापून आली. अण्णांची परदेशी रायफल तेलकट व्हायला नको म्हणून तिने दोरीवर वाळत असलेला माझा टॉवेल आणला आणि दस्त्याला बांधला. मी तिच्या मागेच उभी होते. तिने छर्रे मारले. आबांनी कागद आणला. एक वर, एक डावीकडे, एक बांधात. मला तो माझाच कागद वाटला.

अण्णा वैतागले. "काढ आधी तो टॉवेल. गाल घसरतो त्याच्यावर, डोळा मध्यावर राहत नाही. नेम लागेलच कसा?"

मेघनाने तो काढला. पुढचे छर्रे एकाशेजारी एक लागले.

अण्णांचं बुधवार पेठेत चष्म्यांचं दुकान होतं. डोळा किती सरकला की समोरचं किती सरकतं, ह्यावर त्या माणसाचं पोट चालत होतं. त्यांना माहीत होतं. टॉवेल आला त्या रविवारपासून माहीत होतं. दर रविवारी ते माझ्या गालाखाली कापड ठेवायचे आणि मग कागद उजेडात धरून माझ्या पिढ्या काढायचे.

ते वळले तेव्हा मी समोर होते. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. मला कळलंय, हेही कळलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी टॉवेल उचलला आणि माझ्या हातात दिला. दिला म्हणजे वरून सोडला.

"उद्या आणायला विसरू नकोस," म्हणाले. मग बांधाकडे बघत, अगदी सावकाश, "वडिलांना विचार, खोलीचे पत्रे गळतायत का. त्या खोलीचं एकदा बघायला हवं."

खोलीचे पत्रे वर्षानुवर्षं गळत होते. अण्णांना त्याची आठवण त्या दिवशी झाली.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, तेच मला जास्त लागलं. "दर येळी कागद म्याच आणतो. मला दिसत न्हाई व्हय?" म्हणाले. मग हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "पर खोली त्यांची हाय. बांध तू टॉवेल. एका दिसाचं तर हाय." मला त्यांचा राग आला. रागापेक्षा भीती जास्त वाटली, की उद्या मीही असंच कुणाला तरी सांगेन, एका दिसाचं तर हाय.

निवडीच्या सकाळी वारा पडलेला होता. ऊस हलत नव्हता. कावळासुद्धा ओरडत नव्हता. माझी पाळी शेवटी ठेवली होती. मी टॉवेल घेऊन गेले. पण दस्त्याला बांधला नाही. घडी करून मातीवर ठेवला, पोटावर आडवी झाले आणि त्या घडीवर कोपर टेकलं. गाल लाकडाला लावला. लाकूड गार होतं.

"टॉवेल," अण्णा मागून म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात अण्णा, गाल घसरतो त्याच्यावर."

मला माझ्या पाठीवर सगळ्यांचे डोळे जाणवत होते. ओढून उठवतील असं वाटलं. पण उठवायचं तर हात लावावा लागला असता. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. पुन्हा भरली, पुन्हा ओढला. डोळा जागचा हलला नाही.

आबा नेहमी कागद गुंडाळून, मान खाली घालून आणायचे. त्या दिवशी त्यांनी तो उघडा, छातीशी धरून आणला. सगळी भोकं मधल्या काळ्या गोलात, एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ.

अण्णांनी हा कागद उजेडात धरला नाही. "क्लबाला शिस्त असते," म्हणाले. "ज्याला ती पाळता येत नाही, त्याला संघात कसं घेणार?" मग खिशातून कापसाचा बोळा काढला आणि दस्ता पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते.

दुपारी मंडळी पांगली. अण्णांची गाडी मात्र शेडजवळ उभी होती. आबा खोलीच्या दारात तंबाखू मळत बसले होते, मी आत होते. टण्णकन आवाज झाला. बाहेर येऊन पाहिलं तर दाराच्या पत्र्याला, आबांच्या कानाच्या वीतभर वर, खळगा पडला होता. खाली चपटा झालेला छर्रा.

शेडमधून अण्णांचा आवाज आला. "चुकला रे. लागलं नाही ना?"

आबा उठले आणि हात जोडले. "न्हाई न्हाई अण्णा. काय न्हाई लागलं."

वारा नव्हता. दस्त्यावर टॉवेल नव्हता. पन्नास मीटरवर अण्णांचा छर्रा चुकलेला मी कधी पाहिला नव्हता. नेम जिथे धरला होता तिथेच तो लागला होता.

मी आबांना हाताला धरून आत नेलं आणि त्यांच्या जागी दारात बसले. शेडकडे तोंड करून. अण्णांच्या हातात रायफल अजून तशीच होती. दुर्बिणीतून बघत असतील तर मी त्यांना स्वच्छ दिसले असेन, गालासकट. ती गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उठले नाही.

खोली गेली. आबांचं काम गेलं. निघताना टॉवेल तिथेच दोरीवर सोडला, पण दाराचा तो पत्रा मी उचकटून घेतला. आबा नको नको म्हणत होते. आज तो माझ्या घरात भिंतीला टेकवून ठेवलाय. कुणी मला संस्कारांबद्दल सांगायला लागलं की मी त्या खळग्यावर त्याचं बोट ठेवते.

नेमबाजी मी सोडलेली नाही. सोडणारही नाही. उसनी बंदूक घेऊन मारीन, भाड्याने घेऊन मारीन. पण माझा गाल आणि लाकूड ह्यांच्यामध्ये आता कुणाचं कापड येणार नाही. ज्याला माझ्या गालाचा विटाळ होतो त्याने पुसत बसू नये, बंदूक जाळून टाकावी. आणि माझ्या बापाच्या दारावर नेम धरणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, पन्नास मीटर दोन्हीकडून पन्नासच असतात.