कुंपणाच्या आतली पाखरं

या, अशा जवळ या. दारात उभं राहून "बरं चाललंय ना?" विचारायचं आणि पायांतल्या चपला न काढताच निघायचं, ही कुठली रीत काढलीत तुम्ही? घोटभर चहानं कुणाची गाडी चुकत नाही. बसा. आज तुम्हाला आमच्या शेजारच्या गार्डचाचांचं सांगते.

गार्डचाचा तारेच्या कुंपणाशी उभे राहून पाखरांना हात जोडायचे. खोटं नाही सांगत. लग्न होऊन मी केंदूरहून दौंडजवळच्या आमच्या मळ्यात आले, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, आणि आमच्या बांधावरच्या बाभळीकडं बघून म्हणतायत, "ये बाबा, ये. दोन पावलं अलीकडे ये. इथं पेरू आहे, पाणी आहे. तिथं तुझं काय अडलंय?" बाभळीवर एक तांबट बसला होता. तो काही आला नाही. मी घरात येऊन ह्यांना विचारलं, "शेजारचे म्हातारे बरे आहेत ना डोक्यानं?" हे हसले. म्हणाले, "चाचांची लिस्ट चाललीय. तुला कळंल हळूहळू."

चाचा मालगाडीवर गार्ड होते. त्यांचे आजे-पणजे दौंडचेच. नोकरी संपल्यावर त्यांनी आमच्या मळ्याला लागून थोडी जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या, पेरू, डाळिंब, शेवगा लावला आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. त्या कुंपणाच्या आत जे पाखरू येईल त्याचं नाव वर्षभर लिहायचं, हा त्यांचा छंद. लिहायचे कशावर, तर पुढच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला, खडूनं. वर्ष धरायचे रेल्वेचं, मार्चअखेर संपणारं. एक एप्रिलला सकाळी ओल्या फडक्यानं सगळं दार पुसून टाकायचे. मला जीव तुटल्यासारखं व्हायचं. "चाचा, अहो, वर्षाची मेहनत!" तर म्हणायचे, "ती गाडी गेली, सूनबाई. गेलेल्या गाडीला कोण झेंडी दाखवतं?"

नावं त्यांना सगळीच यायची असं नाही. येत नसलं की आपलं ठेवून द्यायचे. तारेवर बसून किडे पकडणारा कोतवाल त्यांच्या दारावर "तिकीट कलेक्टर" म्हणून होता. काळा कोट, टपून बसणं, विनातिकीट दिसला की झडप. थंडीच्या सुरुवातीला शेपूट हलवत परीट पक्षी यायचा, त्याला उशीर झाला की चाचा बेचैन. "आठ दिवस लेट आहे. वाटेत कुठं अडकला कुणास ठाऊक." चाची आतून ओरडायच्या, "पोरीचं पत्र महिनाभर आलं नाही, त्याची चौकशी नाही, आणि परटाची काळजी! रेल्वेनं पेन्शनीसोबत मला सवत दिलीय." चाचा खाली मान घालून हसायचे.

पण नियम म्हणजे नियम. पाखरू कुंपणाच्या आत हवं आणि चाचा स्वतः बागेत हवेत. नुसता आवाज ऐकला तर नाही. चाचींनी पाहिलं तर नाही. कुंपणाबाहेर हातभर अंतरावर असलं तरी नाही. हे एकदा त्यांना म्हणाले, "चाचा, लिहून टाका की तांबट. कोण येतंय तपासायला?" चाचा म्हणाले, "आयुष्यभर मी एकट्यानं शेवटच्या डब्यात बसून नोंदी केल्या. तेव्हाही कोणी बघत नव्हतं."

आता अडचण अशी, की पाखरं आधी बसायची आमच्या बाभळीवर. चांगली जुनी, डेरेदार बाभूळ. तिथून इकडंतिकडं बघायची आणि मग वाटलं तर चाचांच्या बागेत उतरायची. बाभूळ म्हणजे त्यांच्या बागेचं स्टेशनच म्हणा. आणि त्याच बाभळीवर माझ्या सासऱ्यांचा डोळा होता.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. कडक माणूस. बांधाच्या वितीसाठी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. त्यांचा राग भोरड्यांवर. शाळवाची कणसं दुधात आली की भोरड्यांचे थवे उतरायचे, आभाळात काळी चादर झटकल्यासारखे. सगळ्या मिळून बाभळीवर बसायच्या, कलकलाट करायच्या आणि एकदम पिकावर पडायच्या. एका वर्षी तर अर्धी ज्वारी दाण्याविना नुसत्या पिश्या होऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी ज्वारी निसवायला लागली, कणसं बाहेर पडायला लागली, तसे आबा चाचांच्या कुंपणाशी गेले. मी विहिरीवर धुणं धूत होते, सगळं ऐकू येत होतं.

"गार्डसाहेब, उद्या बाभूळ पाडतोय. फांद्या तुमच्या बागंत पडत्याल, पेरूला जरा जपा."

चाचा म्हणाले, "का पाडता, आबा?"

"का म्हंजी? त्या भोरड्यांची धर्मशाळा झालीय ती. बसायला जागा न्हाई म्हटल्यावर जात्याल पुढं."

"या साली राहू द्या. रखवाली मी करतो."

आबा हसले. "तुम्ही? आवं, तुम्ही पाखरांना पेरू खाऊ घालता. तुम्ही हाकलणार व्हय?"

"पीक घरात येईपर्यंत मी तुमच्या रानात उभा राहतो. ज्वारी गेली, तर कुऱ्हाड मीच आणून देईन."

आणि उभे राहिले हो. रोज दिवस उगवायच्या आत शेतातल्या माळ्यावर चढायचे. गोफण काही त्यांना चालवता यायची नाही. पहिल्याच दिवशी दगड मागं गेला आणि आमच्या गड्याच्या न्याहारीत पडला. मग त्यांनी आपली गार्डची शिट्टी काढली. झेंड्या रेल्वेला परत केल्या होत्या, म्हणून चाचींच्या जुन्या लाल परकराचं कापड काठीला बांधलं. थवा दिसला की शिट्टी, लाल कापड, आणि वर ओरडणं, "लाइन क्लिअर नाही! पुढे चला, पुढे!" रस्त्यानं जाणारी माणसं बैलगाड्या थांबवून बघायची. चाची म्हणायच्या, "माझ्या परकराची सगळ्या तालुक्यात वरात काढली." पण दुपारची भाकरी स्वतः घेऊन यायच्या, आणि चाचा जेवेपर्यंत माळ्यावर उभ्या राहून थाळी बडवायच्या.

दोन-अडीच महिने चाचांनी आपल्या बागेत दिवसा पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी शिट्टी फुंकून ओठ सुजलेले असायचे. चाचींनी एकदा सांगितलं, "अहो, आज शेवग्यावर भोरड्या बसल्या होत्या. मी पाहिल्या." चाचा म्हणाले, "तुझी ड्यूटी नव्हती."

ज्वारी घरात आली. कणगी भरली. आबा मोजून बोलणारा माणूस, इतकंच म्हणाले, "बरी उतरली." बाभळीचं काहीच बोलले नाहीत. चाचांनीही विचारलं नाही. ज्वारी काढल्यावर भोरड्याही गेल्या. मला मात्र घोर लागून राहिला, की हे एका सालापुरतंच आहे, कुऱ्हाड तर कोपऱ्यात तशीच आहे.

मार्च संपता संपता आबा मला म्हणाले, "चल गं सूनबाई. गार्डसाहेबांच्या दारावर काय लिव्हलंय ते मला वाचून दाव." आबांना वाचता येत नव्हतं. आम्ही गेलो. चाचांनी दार लोटून घेतलं, मी एकेक नाव वाचत गेले. चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल, तिकीट कलेक्टर. इतर वर्षी दार खालपर्यंत भरायचं. या वर्षी निम्म्यातच संपलं.

आबा म्हणाले, "आन् भोरडी?"

"नाही," चाचा म्हणाले.

"न्हाई कशी? आवं, सारा शाळू तुम्ही त्याच हाकलल्या की!"

"तुमच्या रानातून हाकलल्या, आबा. माझ्या बागेतून पाहिल्या नाहीत."

आबा दाराकडं बघत राहिले. चाचींनी चहा आणला, तो त्यांनी उभ्यानंच प्यायला. निघताना उंबऱ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "उद्या गडी धाडतो. तार काढा, आन् बाभळीच्या पल्याड घ्या."

चाचांना कळेचना. "पलीकडे तर तुमची जमीन आहे."

"मला ठावं हाय कुणाची हाय ती. बाभूळ आत घ्या म्हंतोय. आन् भोरड्यांचं मी बघून घेईन, माणूस ठेवीन."

दुसऱ्या दिवशी खांब उपटून पुढं रोवले गेले. भावाशी वितीसाठी भांडलेला माणूस स्वतः उभा राहून सांगत होता, "अजून सरकवा. बुंध्याला तार लागत्या." एप्रिल लागला आणि चाचांचं नवं वर्ष सुरू झालं. पहिल्याच सकाळी त्या बाभळीवर तांबट आला. चाचींनी मला हाक मारून बोलावलं. चाचा खडू हातात धरून दारापाशी नुसतेच उभे होते, लिहायचं त्यांना सुचत नव्हतं.

पुढं चांगली आठ-नऊ वर्षं गेली. मग चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पाखरू आहे की पान आहे, कळेनासं झालं. मी म्हणायचे, "मी सांगते, तुम्ही लिहा." ते हसून नाही म्हणायचे. शेवटी मनमाडला दिलेली लेक दोघांना घ्यायला आली. जागा विकायची ठरली. जायच्या आधल्या दिवशी मी सकाळी पाहते तो चाचा दोन मजूर लावून कुंपण मागं घेत होते, पूर्वी होतं त्याच जागी. बाभूळ पुन्हा आमच्या बाजूला.

आबा धावत गेले. "ह्ये काय चालवलंय? मी दिलीती न्हवं तुम्हाला?"

"मला दिली होती, आबा," चाचा म्हणाले. "विकत घेणाऱ्याला नाही."

आबांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चाचांना दिसत नव्हतं आणि आबांनी तोंड फिरवलं होतं.

त्यानंतर आबा होते तोवर बाभळीला कुणी हात लावला नाही, आणि आता मी आहे. मी यादीबिदी करत नाही, माझ्याच्यानं ती शिस्त व्हायची नाही. पण अजूनही एखादं पाखरू दिसलं की आधी नजर जाते ती तारेकडं: आत की बाहेर? तर ऐकलंत ना? शाळू निसवलाय, पंधरा दिवसांत हुरडा येईल. सवड काढून या, पोरांना घेऊन या, आणि मुक्कामाला या.