बोडीत शिकलेलं पोहणं

आमच्याकडे वीज म्हणजे कोळसा. चंद्रपूरला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करताना होस्टेलच्या गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. शिकून आपणही तिथेच कुठेतरी लागू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग कॉलेजात एक सूचना लागली. समुद्रात उभ्या करायच्या पवनचक्क्यांची देखभाल शिकवणारा कोर्स कोकणात सुरू होत होता. तो खरं तर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मुलामुलींसाठी होता, बाहेरच्यांना थोड्याच जागा होत्या. पोहता येतं का, असं सरांनी वर्गात विचारलं तेव्हा मी हात वर केला. आजूबाजूला पाहिलं तर मी एकटीच.

आम्ही ढिवर, तळ्यातल्या मासेमारीवर जगणारे. सावली तालुक्यातल्या आमच्या गावाला एक बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी देणारा लहानसा तलाव. बाबा तिच्यात मासे धरतात. सकाळी ते जाळं खांद्यावर टाकून निघाले की मीही मागे जायची. अजूनही डोळे मिटले की तिथला वास येतो, ओल्या जाळ्याचा आणि कुजलेल्या कमळाच्या पानांचा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तळाचा गाळ पायांना कोमट लागायचा.

बाबांनी मला पोहायला शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी एक नियम तेवढा सांगितला. "पान्यात आंगावर गाठ ठेवू नोको." ओढणी असो, कमरेची टोपली असो, पाण्यात कुठे अडकलं की आधी अंगावरचं सोडायचं, मग बुडी मारून देठ नाहीतर जाळं हाताने मोकळं करायचं आणि वर यायचं. माझी आत्या एकदा कमरेला बांधलेल्या टोपलीसकट कमळाच्या देठांत गुंतली होती. अर्धमेली निघाली. तेव्हापासून आमच्या घरचं कोणी गाठ मारून पाण्यात उतरत नाही.

कोर्समध्ये शिडी चढणं, दोराला लटकणं मला बरं जमलं. वायरिंग तर येतच होतं. राहिली पाण्याची परीक्षा. तीत पास झालं नाही तर बोटीवर जाता येत नाही, आणि बोटीवर जाता आलं नाही तर घरी परत. माझ्या खोलीत राहणारी मुलगी मालवणकडची, कोळ्यांच्या घरची. ती मला चिडवायची, "तू गो तळ्यातली बेडकी. खारं पाणी नाकात गेलं की कळेल." मी हसायची. पाण्याची भीती मला नव्हतीच.

परीक्षा मोठ्या टाकीत होती. अंगात जाड कपडे, वर तरंगतं ठेवणारं जाकीट, त्याचे पट्टे छातीवरून आणि मांड्यांमधून आवळलेले. उडी मारायची, हात छातीशी घ्यायचे आणि तोंड वर ठेवून तरंगत राहायचं. मी उडी मारली. टाकीत सोडलेल्या तराफ्याचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो माझ्या पायाला वेटाळला. पुढचं मी ठरवून केलं नाही. हातांनी आपोआप पट्टे सोडले, मी जाकिटातून निसटून खाली गेले, दोर काढला आणि वर आले. वर आले तेव्हा मी हसत होते, हे मला आठवतं. वाटलं, आता शाबासकी मिळेल.

शिट्टी वाजली. जाकीट एकटंच दुसऱ्या टोकाला चाललं होतं.

शिकवणारे सर जहाजावर नोकरी करून आलेले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "समुद्रात लाटेने तुला दूर नेलं असतं आणि आम्ही त्या जाकिटाला शोधत बसलो असतो. परवा पुन्हा घेऊ. तेव्हाही सोडलंस तर मी सही करणार नाही."

संध्याकाळी बाबांना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं.

"मीच त सांगतलो व्हतो तुले तसं," ते म्हणाले. "आता सोडू नोको तो पट्टा. सायेब म्हन्ते तसं कर."

"हो."

"पन पाय अटकला त काय करशीन वं?"

"हाक मारीन."

"कोनाले?"

"जे संग असन त्याईले."

बाबांना ते पटलं की नाही, कळलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सरांनी दोर मुद्दाम पाण्यात सोडला. पायाला त्याचा विळखा बसला तसे माझे हात पुन्हा पट्ट्याकडे गेले. मी पट्टा पकडला, पण सोडला नाही. घट्ट धरून राहिले. पाणी तोंडाशी येत होतं, आणि नुसतं थांबणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी ओरडले, "पाय अटकला माहा!"

माझ्यासोबत टाकीत उतरलेली ती मालवणची मुलगी पोहत आली, दोर सोडवला आणि माझ्या जाकिटाला धरून मला तराफ्याकडे ओढत नेलं. वर चढल्यावर म्हणाली, "बेडकी, केवढी जड गो तू."

सरांनी सही केली.

मी लगेच घरी फोन लावला. बाबा नुकतेच बोडीवरून आले होते. पास झाले म्हटल्यावर त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, आईने शेजारी सांगितलं, ते सगळं फोनमधून ऐकू येत होतं. मग मी म्हणाले, "बाबा, तूबी एकटा नोको जाऊ पान्यात. कोनाले तरी संग नेत जा."

"कोन येते माह्यासंग," बाबा म्हणाले. "तू येत होती."

मी विचारलं, आज मासे किती मिळाले. ते सांगत राहिले, मरळ कुठे लागला, पाणी किती उतरलं, आणि मी खिडकीपाशी उभी राहून ऐकत राहिले.