सासरवाडीच्या दोन काड्या

पोलादपूरच्या बाजारात माझं फोनचं दुकान होतं, आणि दुकानाच्या भिंतीवर एक नकाशा होता. नकाशा इतका मोठा की नुसती सावित्री नदी रंगवायला निळ्या ऑइलपेंटचे तीन डबे संपले. एकदा भर उन्हात एक म्हैस आत शिरली आणि नदीला जीभ लावून बघून गेली. माझी बायको म्हणते की म्हैस फक्त दारापर्यंत आली होती. बायको तेव्हा माहेरी होती.

नकाशा काढायचं कारण असं की मोबाईल नुकता आलेला. माणूस माझ्याकडून फोन घ्यायचा, डोंगरात घरी न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने परत आणून काउंटरवर आपटायचा. "बिघडलेला दिलास." मग मी एक हात टॉवर करायचो, दुसरा हात डोंगर करायचो, आणि लहरी मध्येच कशा अडतात ते बोटं नाचवून दाखवायचो. दिवसातून चाळीस वेळा. संध्याकाळी जेवतानाही माझा डावा हात डोंगर होऊन बसलेला असायचा.

शेवटी महाडहून ट्रक रंगवणारा पेंटर आणला. त्याने मधोमध टॉवर काढला, त्याच्या लहरी मोराच्या पिसाऱ्यासारख्या पसरवल्या, प्रत्येक गावाभोवती कमळ काढलं आणि सवयीने खाली 'फिर मिलेंगे' लिहून टाकलं. गावाच्या नावापुढे काड्या. चार काड्या म्हणजे पूर्ण रेंज, एक काडी म्हणजे फोन डोक्यावर धरून एका पायावर उभं राहा, आणि काडीच नाही म्हणजे पत्र लिहा. शेजारी दुसरं चित्र: महाडहून निघालेला ईमेल तारेतून, समुद्राखालून, आखातात उंटापर्यंत कसा पोचतो. ज्यांची माणसं तिकडे होती त्यांना ते चित्र माझ्या दहा भाषणांपेक्षा लवकर समजलं. इंटरनेट म्हणजे काय हे विचारायचं सोडून लोक उंटाला तारेचा शॉक बसत नाही का, असं विचारू लागले. ही प्रगतीच म्हणायची.

पण नकाशाने एक भानगड केली. बिनकाडीच्या गावांना तो अपमान वाटायला लागला. काडी नसलेल्या गावातली माणसं काडीवाल्या गावात मुलगी द्यायच्या गोष्टी करू लागली. आणि बिनकाडीच्या गावांत एक माझी सासरवाडी, महाबळेश्वरच्या घाटाला लागून, डोंगराच्या कुशीत.

सासरे एका सोमवारी आले, नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जावयबापू, वरंधला काड्या, वीरला काड्या. आमच्या गावाला नुसतं कमळ."

"मामा, मधे डोंगर येतो."

"डोंगर तुमच्या लग्नातपण मधे होता. वरात आलीच ना?"

आता जावई म्हणून मी त्या घरात नारळ, टोपी, जेवताना पहिली पोळी, सगळे मान घेतलेले. माझ्या हातात एक ब्रश आणि समोर सासरा. मी दोन काड्या काढल्या. हात जरा सैल असता तर तिसरीही काढली असती.

पुढे दोन महिने काही झालं नाही. मग तो गुरुवार आला.

सकाळी नऊला एक गवंडी दुकानात आला. महाडजवळच्या गावातला, तिशीचा, कमी बोलणारा. सिमकार्ड माझ्याकडूनच घेतलेलं. त्याने रिचार्ज मारला आणि थेट सासरवाडीवर बोट ठेवलं. "आजपासून इथं शाळेच्या खोलीचं प्लास्टर हाय. दोन काड्या नक्की ना?"

माझ्या शेजारी स्टुलावर सासरे बसलेले. बाजाराला आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन?" मी म्हणालो. "वारा बरा असला तर तीन."

"मग बरं झालं," गवंडी म्हणाला. बाहेर जीप हॉर्न देत होती. तो पायरी उतरता उतरता बोलला, "अकरा ते बारात मुंबईहून एजंटचा फोन येणाराय. दुबईचं काम. उचलला नाय तर नाव कापतो, पुढच्याला लावतो." आणि जीप गेली.

सासरे समाधानाने म्हणाले, "चांगलं काम आपल्या गावात होतंय."

गवंड्याला खरं सांगायला फोन करावा तर तिथं त्याच्या फोनला रेंज नाही, हेच तर दुखणं. दुकान सोडावं तर सासऱ्यांचा चहा यायचा होता. चहा आला. सासरे चहा बशीत ओततात, बशी फुंकतात, मग कपात परत ओततात. त्या एका चहाला इतका वेळ लागला की तेवढ्यात कोकण रेल्वे नव्याने बांधून झाली असती. मी उठायचो, रिचार्ज कार्डं मोजायचो, बसायचो, घड्याळाकडे बघायचो. साडेदहा झाले तेव्हा म्हणालो, "मामा, जरा गल्ला बघा. महाडला माल आणायचाय." आणि मोटारसायकल महाडच्या उलट दिशेला वळवली. त्यांनी ते पाहिलं का, मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

घाट मी ज्या वेगाने चढलो त्या वेगाने दरडसुद्धा उतरत नाही. शाळेपाशी पोचलो तेव्हा साडेअकरा. गवंडी परांचीवर उभा, थापीने प्लास्टर ओढतोय, आणि फोन सुतळीने बांबूला टांगलेला. प्रत्येक हातानंतर तो फोनकडे बघत होता.

"वाजला?"

"नाय अजून."

"वाजायचा नाही," मी म्हणालो. "इथं रेंज नाही. कधीच नव्हती."

तो खाली उतरला. मला वाटलं थापी माझ्या तोंडावर फिरवणार. त्याने फक्त विचारलं, "कुठं हाय मग?"

ते मला कुठे माहीत? मी मोजायला कधी आलोच नव्हतो. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "देवळाच्या वरल्या कातळावर वाजतो रे. माझा ल्योक तिथनंच बोलतो. आख्ख्या गावाला म्हायती हाय. त्या दुकानातल्या नकाशात कायतरी भलतंच काढलंय म्हणं कुनी."

मी जावई आहे हे तिने ओळखलं नाही, की ओळखून बोलली, देव जाणे.

आम्ही पळालो. तो पुढे, हाताला ओलं सिमेंट, मी मागे, जीभ बाहेर. कातळावर एक काडी आली, गेली, आली. त्याने नंबर लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. बारा वाजून गेले. तो कातळाच्या कडेला सरकत गेला आणि मी मागून त्याचा पट्टा धरून बसलो. खाली दरी इतकी खोल की तिच्या तळाशी अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ चालू असावी.

फोन लागला. मी तो हिसकावला आणि सुरू केलं, "साहेब, इकडे दरड कोसळली, टॉवर वाहून गेला, माणूस ढिगाऱ्याखालून नुकताच..."

गवंड्याने फोन परत घेतला. "भाई, तसं कायपण नाय. मी चुकीच्या जागी थांबलो होतो. आता कातळावर हाय. नाव कापलं काय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मला ऐकू आला, मी त्याच्या कानालाच चिकटलेलो होतो. मग एजंट म्हणाला, "कापणार होतो. उद्या नऊला ये. पासपोर्ट घेऊन."

पासपोर्ट महाडजवळ घरी. घरी जायचं, मग वीर स्टेशन, मिळेल ती मुंबईची गाडी. हात न धुता त्याने पिशवी उचलली आणि आम्ही घाट उतरलो. वाटेत तो एकदाच बोलला: "जरा हळू. दुबईला जायचंय, वर नाय."

दुकानापुढून पुढे निघून जायचा माझा विचार होता. पण आत सासरे एका नव्या गिऱ्हाइकाला नकाशा समजावत होते. "आमच्या गावात दोन काड्या. जावयाने स्वतः मोजल्यात."

"थांबव," गवंडी माझ्या पाठीमागून म्हणाला.

तो आत गेला, पिशवीतून थापी काढली आणि दोन काड्या खरवडायला लागला. ऑइलपेंट निघेना. त्याने थापी आडवी करून जोर लावला आणि भिंतीचा पोपडाच्या पोपडा खाली आला. काड्या गेल्या, कमळ गेलं, गावाचं नाव गेलं. आतली लाल वीट दिसायला लागली.

सासरे माझ्याकडे बघत म्हणाले, "काड्या काढल्या, ठीक. गाव कुठं गेलं?"

"गाव तिथंच हाय दादा," गवंडी थापी पुसत म्हणाला. "मी आत्ताच आलो तिथनं."

गिऱ्हाइकाने सिमकार्ड तसंच काउंटरवर ठेवलं. मी गवंड्याला त्याच्या घरी नेलं, मग वीरला. गाडी यायला वेळ होता, तो फलाटावर येरझाऱ्या घालत होता आणि मी त्याच्या मागे. दोघांनाही बसवत नव्हतं. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी सांगितलं, त्यात म्हशीची गोष्टही आली. तो हसला नाही. गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला.

"झालं," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात जायचंय."

मी श्वास सोडला तो बहुधा महाडपर्यंत ऐकू गेला असेल. पण त्याने फोन ठेवला नाही.

"एक विचारू? बाकीच्या गावांच्या काड्या कोणी मोजल्या?"

मी भिंतीकडे बघितलं. तिसाच्या वर गावं. त्यातली नऊ माझ्या फोनने मोजलेली. बाकीची जीपवाल्यांना विचारून, चहावाल्याला विचारून, आणि काही, खरं सांगतो, पेंटरला जिथे जागा रिकामी दिसली तिथे.

"मोजतोय," मी म्हणालो.

त्याने फोन ठेवल्यावर मी शटर अर्धं ओढलं, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेतला, आणि आधी कुठलं गाव पुसावं ते ठरेना म्हणून बराच वेळ भिंतीसमोर नुसता इकडून तिकडे फिरत राहिलो.